रत्नं परत आली, ओळ वाचणार कोण?



३० जुलै २०२५ ला पिप्रहवाची रत्नं भारतात परत आली. अशी बातमी परिपाठात वाचली जाते, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. मला वाटतं, खरा पाठ तिथून पुढे सुरू व्हायला हवा.

आधी हकीकत. पिप्रहवा हे उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेजवळचं गाव. १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रजाने तिथला स्तूप खणला. मोठ्या दगडी पेटीत अस्थी, छोटे करंडक आणि शेकडो रत्नं निघाली. अस्थी सयामच्या राजाला दिल्या गेल्या. बराचसा ऐवज कोलकात्याच्या संग्रहालयात गेला. काही रत्नं मात्र पेपेंकडेच राहिली. २०२५ मध्ये त्यांच्या वारसांनी ती हाँगकाँगच्या लिलावात काढली. भारत सरकारने कायदेशीर नोटीस पाठवली, लिलाव थांबला आणि पुढे गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतल्यावर ती मायदेशी आली.

आता मुद्द्याचं. त्यातल्या एका करंडकावर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. हे भगवान बुद्धांच्या अस्थींचं निधान असून शाक्य कुळातल्या भावांनी, बहिणी आणि बायकामुलांसह ते ठेवलं, असा तिचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. गंमत बघा, या ओळीमुळेच त्या खड्यांना एवढा भाव आला. आणि हीच ओळ सांगते की हा माल नाही, एका कुटुंबाने श्रद्धेने वाहिलेलं दान आहे. दान विकायचं कसं?

"आपलीच वस्तू आपण विकत का घ्यायची?" असं मुलं विचारतील. विचारू द्या. उत्तर आपण घाईने देऊ नका. दान दिलेली वस्तू कुणाची, खणणाऱ्याची की वाहणाऱ्याची, यावर वर्गात दोन गट पाडून बोलू द्या. एक गुणाच्या रिकाम्या जागेपेक्षा मुलं त्यातून जास्त शिकतील.

शेवटी फळ्यावर ब्राह्मीतली चार अक्षरं काढा. त्या ओळीत बहिणीसाठी 'भगिनी' आहे, मुलासाठी 'पुत' आहे. आपली मुलं हे शब्द सहज ओळखतील. वस्तू विमानाने परत येते हो, पण तिच्यावरचं वाचणारं कुणी नसेल, तर ती आपल्यालाही परकीच राहील.