चढत्या श्रेणीचा ताळेबंद

मुंबईशी १९६८ पासून भगिनीनगराचे नाते असलेल्या श्टुटगार्टच्या उत्तरेस, काही मैलांच्या अंतरावर, लुडविग्सबुर्ग हे नगर आहे. तेथील महिला हँडबॉल संघाने २०२५ साली जर्मनीचे राष्ट्रीय अजिंक्यपद आणि राष्ट्रीय चषक हे दोन्ही मान एकाच हंगामात संपादन केले, आणि विजयाचा हर्ष ओसरतो न ओसरतो तोच, जुलै महिन्यात, त्या संघाच्या चालकांवर नादारीचा अर्ज दाखल करण्याची पाळी आली. पुढे संघाला प्रथम श्रेणीतून माघार घ्यावी लागली, युरोपच्या चॅम्पियन्स लीगमधील स्थानही गेले, खेळाडूंनी वाट फुटेल तिकडे नवे करार शोधले, आणि बुंडेसलीगेचा, म्हणजे त्याच प्रथम श्रेणीचा, नवा हंगाम विजेत्या संघावाचून, अवघ्या अकरा संघांनिशी सुरू झाला.

असे काही घडले की दोन अभिप्राय ठरलेले असतात. स्त्रियांच्या खेळाला स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे सामर्थ्यच नाही, असे एक पक्ष म्हणतो. आणि बढती-पदावनतीची पद्धतच संघांना ऐपतीबाहेर धावावयास लावते, सबब ती मोडून निवडक धनिक संघांची बंदिस्त स्पर्धा भरवावी, असे दुसरा पक्ष सुचवितो. हे दोन्ही अभिप्राय मला अग्राह्य वाटतात. एखाद्या गावचा संघ खालच्या पायरीपासून केवळ खेळाच्या बळावर राष्ट्राच्या अग्रस्थानी पोहोचू शकतो, ही जर्मन क्रीडाव्यवस्थेतील अत्यंत न्याय्य तरतूद आहे. दोष त्या शिडीचा नसून, वरच्या पायरीवर पाऊल ठेवू देताना ज्या कागदांवर भरवसा ठेवला जातो त्या कागदांचा आहे.

स्त्रियांना हा खेळ मागाहून कोणी उपकारबुद्धीने दिला, असा समज असेल तर तो प्रथम दूर केला पाहिजे. बर्लिनमधील व्यायामसंघटनेचे एक अधिकारी माक्स हाइजर यांनी २९ ऑक्टोबर १९१७ रोजी या खेळाचे नियम निश्चित करून त्यास हँडबॉल हे नाव दिले, ते मुळी स्त्रियांसाठी. महायुद्धामुळे पुरुष रणांगणावर गेलेले असता मागे राहिलेल्या तरुणींना अंगाशी अंग न भिडता खेळता यावा असा सांघिक खेळ त्यांना हवा होता. दोन वर्षांनी कार्ल शेलेन्त्स यांनी त्या नियमांत फेरफार करून झटापटीस मुभा दिली, आणि पुरुषांनी तो खेळ आपलासा केला, तो इतका की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे मैदानी हँडबॉल दाखल झाले. ज्यांच्यासाठी खेळ जन्मास आला त्या स्त्रियांना मात्र ऑलिंपिकचे द्वार उघडण्यास १९७६ चे मॉन्ट्रियल उजाडावे लागले. जर्मनीची महिला बुंडेसलीगाही १९७५ साली सुरू झाली. म्हणजे स्त्रियांच्या हँडबॉलची जी आर्थिक दुर्बलता आज निसर्गसिद्ध म्हणून सांगितली जाते, तिच्यामागे अर्ध्या शतकाहून अधिक काळाची उपेक्षा उभी आहे.

आता त्या शिडीचा कारभार पाहू. जर्मन कायद्याप्रमाणे सात माणसे एकत्र आली, त्यांनी घटना लिहिली आणि स्थानिक न्यायालयाच्या दप्तरी तिची नोंद केली की संस्था अस्तित्वात येते. गावातील बहुतेक क्रीडासंस्था अशाच नोंदणीकृत मंडळ्या असून, सभासदांची वर्गणी, नगरपालिकेचे साहाय्य आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर त्या चालतात. सायंकाळी मुलींना शिकविणारी शिक्षिका दिवसा बँकेत किंवा शाळेत नोकरी करीत असते, आणि तिच्या मानधनापैकी ठराविक रक्कम सरकारने प्राप्तिकरातून मुक्त ठेवलेली आहे. २०२१ साली ही मर्यादा वर्षाला ३००० युरो करण्यात आली. अशा संस्थेचा संघ जिल्ह्याच्या क्राइसलीगेत उतरतो, तेथे वरचे स्थान मिळाल्यास पुढच्या वर्षी विभागाच्या श्रेणीत जातो, आणि याच क्रमाने ओबरलीगा, रेगिओनाललीगा, २०१० पासून अस्तित्वात आलेली तिसरी श्रेणी, दुसरी बुंडेसलीगा असे सोपान चढत अखेरीस प्रथम श्रेणीत दाखल होऊ शकतो. त्याला कोणाची शिफारस लागत नाही, लिलावात बोली करावी लागत नाही, आणि महानगरात जन्म घेतलेला असावा लागत नाही.

प्रत्येक पायरी चढताना मात्र खर्चाचे स्वरूप पालटत जाते, आणि ते केवळ आकड्यांनी वाढते असे नाही. खालच्या श्रेणीत खेळाडू आपापल्या मोटारींतून शेजारच्या गावी जाऊन रात्री घरी परततात. तिसऱ्या श्रेणीत प्रवास शेकडो किलोमीटरांचा होतो, बस भाड्याने घ्यावी लागते आणि शनिवार-रविवार त्यात जातात. चेंडूवर पकड यावी म्हणून वरच्या दर्जाच्या खेळात हाताला राळ लावण्याचा शिरस्ता आहे. परंतु क्रीडागृह असते नगरपालिकेचे, आणि राळेचे डाग फरशीवरून काढण्याचा खर्च नको म्हणून अनेक नगरपालिका राळेस सक्त मनाई करतात. तेव्हा वर चढू पाहणाऱ्या संघापुढे पहिला प्रश्न प्रतिस्पर्ध्याचा नसून, राळ लावून सराव करू देईल असे सभागृह मिळविण्याचा असतो. आणि ज्या मुलींनी राळेविना चेंडू हाताळण्याची सवय लावून घेतली, त्यांना बढतीनंतर आपला हात जणू नव्याने घडवावा लागतो. पुढे फिजिओथेरपिस्ट, पगारी प्रशिक्षक, परदेशी खेळाडूचे निवासस्थान, दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणास योग्य अशी प्रकाशव्यवस्था या बाबी क्रमाक्रमाने येतात. प्रेक्षकांच्या तिकिटांचे उत्पन्न मात्र त्या गतीने वाढत नाही. दुसऱ्या श्रेणीत उत्तम स्थान मिळवूनही प्रथम श्रेणीचा परवाना मागण्याचे टाळणारे महिला संघ जर्मनीत आढळतात, त्याचे कारण हेच. भीती पराभवाची नसते, विजयाच्या खर्चाची असते.

लुडविग्सबुर्गचा संघ मुळात शेजारच्या बीटिगहाइमचा. आसपासच्या वस्त्यांतील क्रीडामंडळांनी एकत्र येऊन उभारलेल्या या संयुक्त संस्थेच्या महिलांनी या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रथम श्रेणी गाठली आणि २०१७ मध्ये पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद, २०१९ मध्ये दुसरे, आणि २०२२ पासून ओळीने चार अजिंक्यपदे मिळविली. २०२१-२२ च्या हंगामात त्यांनी लीगमधील एकही सामना गमावला नाही, आणि त्याच वर्षी डेन्मार्कमधील व्हीबोर्ग येथे, यजमान संघाला त्याच्याच प्रेक्षकांसमोर ३१-२० असे नमवून युरोपियन लीग जिंकली. त्या यशाचे प्रशिक्षक मार्कुस गाउगिश यांच्या हाती राष्ट्रीय संघही सोपविण्यात आला. २०२४ मध्ये बुडापेस्ट येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत हा संघ पोहोचला आणि हंगेरीच्या ग्योरकडून हरला. त्याच उन्हाळ्यात त्याने गाव आणि नाव दोन्ही बदलून लुडविग्सबुर्गचा आश्रय घेतला, मोठे सभागृह पत्करले, आणि वर्षभरातच त्याची कहाणी आरंभी सांगितलेल्या गतीला गेली. खर्च पक्का होता, उत्पन्न आश्वासित होते. आणि आश्वासनांवर पगार निघत नाहीत.

हा प्रसंग अपूर्व असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. गीसन शहरालगतच्या ल्युत्सेलिंडन या चिमुकल्या वस्तीच्या संघाने १९९१ साली युरोपचा विजेतेचषक आपल्या गावी आणला आणि अनेकदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. आज प्रथम श्रेणीच्या यादीत ते नाव शोधूनही सापडत नाही. लाइप्झिगचा संघ तर पूर्व जर्मनीच्या काळापासूनची थोर परंपरा सांगणारा, १९६६ आणि १९७४ मध्ये युरोपात सर्वश्रेष्ठ ठरलेला. त्याचा परवाना २०१७ साली आर्थिक कारणास्तव गेला आणि त्याला तिसऱ्या श्रेणीत पाठविण्यात आले. परंतु लाइप्झिगची पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. मोठ्या पगाराच्या खेळाडू निघून गेल्या तरी संस्थेच्या कनिष्ठ गटांत घडलेल्या मुली जागेवर होत्या. त्यांनाच मैदानात उतरवून त्या संघाने २०२० मध्ये दुसरी श्रेणी पुन्हा गाठली. कोणी आश्रयदाता हात आखडता घेतो तेव्हा संस्थेजवळ काय शिल्लक उरते, यावरून तिची खरी मालमत्ता मोजावी.

मालमत्तेची ही मोजणी ज्यांनी वेळीच केली अशी उदाहरणेही आहेत. हाम्बुर्गजवळील बुक्स्टेहुड या सुमारे चाळीस हजार वस्तीच्या नगराचा संघ १९८९ पासून अखंडपणे प्रथम श्रेणीत आहे. राष्ट्रीय अजिंक्यपद त्याला आजवर लाभलेले नाही, आणि ते मिळविण्यासाठी त्याने आपली तिजोरी कोणाकडे गहाणही टाकलेली नाही. २०१५ आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला, कनिष्ठ मुलींचे गट सांभाळले, आणि अनेक नामांकित संघ येऊन गेले तरी आपली जागा सोडली नाही. मेत्सिंगन हे तर त्याहून लहान नगर, तयार कपड्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध. तेथील महिला २०१६ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या, आणि २०२४ साली राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी त्याच बलाढ्य बीटिगहाइमला पराभूत केले. धनसंचय आणि खेळ यांचे गणित नेहमी एकाच बाजूला झुकत नाही, एवढे या निकालावरून निश्चित होते.

बंदिस्त स्पर्धेचा पुरस्कार करणाऱ्यांना उत्तर देणे येथे प्राप्त आहे, कारण ती पद्धत आपल्या परिचयाची आहे. भारतात २०२३ साली जयपूर येथे पुरुषांची प्रीमियर हँडबॉल लीग भरली आणि महाराष्ट्र आयर्नमेन हा संघ तिचा पहिला विजेता ठरला. त्या खेळाडूंचे कौतुक यथोचित आहे. पण अशा स्पर्धेत संघ मालकाने घेतलेला असतो, तो खालून वर आलेला नसतो. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या मंडळाने आपल्या जिल्ह्यातील सारे सामने जिंकले तरी त्याला त्या स्पर्धेत जाण्याचा मार्ग उपलब्ध नसतो. मालकाचे मन पालटले तर जर्मनीतील संघ जसा बुडतो तसाच येथीलही बुडेल. फरक एवढाच की त्याची जागा घेण्यास खालच्या पायरीवर कोणी तयार उभे नसेल. लुडविग्सबुर्गचे स्थान रिते झाले तरी खाली शेकडो संघ पुढच्या बढतीसाठी झुंजतच होते. व्यवस्थेच्या सुदृढपणाचा पुरावा यापेक्षा वेगळा कोणता हवा?

आणि स्त्रियांच्या खेळाला सामर्थ्य नाही असे म्हणणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२५ पुरेसा आहे. ज्या उन्हाळ्यात जर्मनीचा सर्वश्रेष्ठ संघ मोडला, त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी संयुक्तपणे भरविलेल्या विश्वचषकात गाउगिश यांच्या संघाने अंतिम फेरी गाठली. १९९३ च्या विश्वविजयानंतर प्रथमच असे घडले. रॉटरडॅम येथे नॉर्वेने त्यांना २३-२० असे रोखले. अंतिम फेरी गाठणाऱ्या या संघाची नायिका आन्त्ये ड्योल हिला काही महिन्यांपूर्वीच लुडविग्सबुर्गच्या पडझडीमुळे दुसरे घर शोधावे लागले होते. खेळाडूंच्या अंगी काही उणे नव्हते. उणे होते ते त्यांच्या करारामागील तारण.

म्हणून उपाय त्याच जागी करावा जेथे दोष आहे. प्रथम श्रेणीचा परवाना देताना पुरस्कर्त्यांच्या पत्रांची भेंडोळी तपासण्याऐवजी, संपूर्ण हंगामाच्या वेतनाइतकी रोकड किंवा बँकेची हमी लीगच्या हवाली करून घ्यावी, आणि संघ कोसळल्यास त्या रकमेवर पहिला हक्क खेळाडूंचा राहील असे नियमांत नमूद करावे. कोणत्याही एका आश्रयदात्याचा वाटा अंदाजपत्रकाच्या ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नये. मुलींचे कनिष्ठ गट चालविणे ही बढतीची केवळ शोभेची अट न ठेवता, तिची दरवर्षी प्रत्यक्ष तपासणी व्हावी. नगरपालिकांनी निदान एका सभागृहात राळेची मुभा द्यावी आणि सायंकाळच्या उत्तम वेळा पुरुषांच्या संघांना वंशपरंपरेने बहाल करण्याची रीत सोडून द्यावी. या तरतुदींमुळे काही संघ दोन वर्षे उशिरा वर चढतील, हे मला मान्य आहे. दोन वर्षे उशिरा चढलेला संघ वीस वर्षे टिकला, तर त्या विलंबाबद्दल कोणीही तक्रार करणार नाही. आणि ज्या संघापाशी चालू हंगामाचे वेतन तारणासह जमा नाही, त्याला विजेता असला तरी परवाना नाकारणे हेच लीगचे कर्तव्य आहे.