वखारीच्या दाराआतला लढा

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नेतृत्वाचा आणि प्रतिकाराचा गौरव करणारे लघुपट आपल्याकडील सुशिक्षित मंडळी आवडीने पाहतात. रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडण्यास नकार दिला, हा प्रसंग पाहताना डोळे पाणावतात. ते योग्यच आहे. मराठी माणसाला हा जिव्हाळा नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांनाच. प्रश्न एवढाच, की साता समुद्रापलीकडच्या स्त्रीचे धैर्य ज्यांना चटकन दिसते, त्यांना निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतील बाई का दिसू नये?

ती दिसावी म्हणून एक लघुपटही झालेला आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली निपाणीत येऊन, तंबाखू कामगार स्त्रियांमध्ये राहून ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा चित्रपट केला. शीर्षकच आपल्या सीमाभागाच्या बोलीतले. वखारीतील काम, कामाच्या अटी, संघटना उभी करताना झालेल्या चर्चा, हे सारे त्यात बायकांच्या तोंडून येते. पुढे बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या चित्रपटसंस्थेने ‘युगांतर’च्या चित्रपटांचे जतन केले. ज्या बायकांचा खोकला आपण भिंतीपलीकडून ऐकला, त्यांचे शब्द जर्मनीत जपले गेले. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत ते किती वेळा आले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी वखार होती. हंगामात घरभर पसरणाऱ्या तंबाखूच्या दर्पाला थोरली माणसे लक्ष्मीचा वास म्हणत. खाली पदराने नाक-तोंड बांधून तंबाखू चाळणाऱ्या बायकांची नावे आम्हा मुलांना ठाऊक नव्हती. अमक्या गावची, तमक्याची बायको, एवढ्यावर भागत असे. त्या संघटित झाल्या तेव्हा घरात पहिली प्रतिक्रिया उमटली ती ‘यांना कोणीतरी फितवले’ अशी. आपल्या हिताचे आपल्याला कळते, असे त्या बाईला वाटू शकेल, ही शक्यताच आम्ही धरली नव्हती.

रोझा पार्क्स यांच्याबाबतही लोकांनी हेच केले. दिवसभराच्या कामाने थकलेली एक शिंपीण सहज बसून राहिली, अशी गोड कथा रचली गेली. वस्तुतः त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या अनुभवी कार्यकर्त्या होत्या. बहिष्काराची पत्रके रातोरात छापून घेणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि महिनोन्‌महिने पायी कामाला जाणाऱ्या मोलकरणी, यांच्या बळावर तो लढा टिकला. स्त्रियांच्या लढ्यात विचार होता, शिस्त होती, हे मान्य करणे सर्वत्रच जड जाते.

माँटगोमेरीचा बहिष्कार चालू असतानाच, १९५६ च्या सीमालढ्यात, निपाणीच्या कमळाबाई मोहिते हुतात्मा झाल्या. दर १७ जानेवारीस आपण त्यांचे नाव आदराने घेतो. ६ एप्रिल १९८१ रोजी निपाणीच्या तंबाखू आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात बळी पडलेल्या १२ शेतकऱ्यांचेही स्मरण होते. हे दोन्ही लढे सरकारच्या विरोधात होते. वखारीतील बायकांचा लढा मात्र आपल्या दाराआत होता. त्यात समोरचा पक्ष आपणच होतो. त्याची स्मृती क्षीण का, याचे उत्तर यातच आहे.

कोणी म्हणेल, वर्णभेद वेगळा, वखारीची मजुरी वेगळी. वेगळी आहेच, वर्ण आणि जात यांचे समीकरण मांडण्याची घाई येथे नाही. कोणी म्हणेल, सीमाप्रश्न न्यायालयात असताना आपसातील उणीदुणी कशाला काढायची? हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा, पण घातक आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा आपल्या भाषेच्या आधारावर उभा आहे. मग ती भाषा केवळ वखारमालकाच्या माडीवरची आणि मंडळाच्या व्यासपीठावरची कशी असेल? या भूमीत मराठी टिकली ती चाळणीवर बसलेल्या बाईच्या तोंडीही. तिची मराठी पुराव्यापुरती हवी आणि तिची तक्रार नको, हा न्याय नव्हे. आपल्यावर अन्याय झाला असे म्हणणाऱ्याने आपण केलेला अन्याय ऐकून घेण्याची तयारी ठेवली, तरच त्याच्या शब्दाला वजन येते.

म्हणून मागणी साधी आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांचे लघुपट अवश्य दाखवावेत; त्याच सायंकाळी, त्याच पडद्यावर, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हाही दाखवावा. त्या लढ्यातील ज्या स्त्रिया आज हयात आहेत, त्यांना श्रोत्यांत नव्हे, व्यासपीठावर बसवावे. त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, शुद्धलेखनाची कात्री न लावता, याच पत्रिकेत छापावे. त्या आता वृद्ध झाल्या आहेत. पुढच्या पिढीवर हे काम ढकलण्याइतका अवकाश उरलेला नाही. आणि त्या बोलू लागल्या की आपल्यापैकी काहींच्या आजोबांची नावे निघतील. तेव्हा उठून जाऊ नये, एवढेच.