डाव्या पायाची रजा

परवा भाच्याने नवी गाडी आणली. ‘मामा, हिला क्लच नाही!’ म्हणाला. वाकून पाहतो तो खरोखरच पायाशी दोनच पेडल! वाक्यातले क्रियापद गळावे तसे मला मराठीच्या मास्तराला वाटले. चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकलो तेव्हा दर चढावर ती बंद पाडीत असे, आणि मागचे रिक्षावाले माझ्या शब्दसंग्रहात मोलाची भर घालीत.

ही युक्ती मात्र आजची नव्हे. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन नावाचा एक इंजिनिअर होता. त्याच्या सिंक्रोमेशने १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांतली गिअर बदलतानाची खडखड थांबवली. पुढे या गृहस्थाने गिअर बदलण्याचे कामच ड्रायव्हरच्या हातून काढून घेतले! जनरल मोटर्समध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ‘हायड्रामॅटिक’ १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आली.

दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल. इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जाते, म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. मूळ कल्पना फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ सालची, तीही जहाजांसाठी! पुढे जाण्याचे चार गिअर होते. गाडीचा वेग किती आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय, हे तेलाच्या दाबावरून ताडून ते आपले आपण बदलत.

आळशांचे चोचले, असे मी म्हणणारच होतो. पण दुसऱ्या महायुद्धातून कितीतरी अमेरिकन सैनिक पाय गमावून परतले. १९४६ साली सरकारने अशांना मोटारीसाठी १,६०० डॉलरपर्यंत मदत मंजूर केली. डावा पाय नसलेल्याला क्लचची गाडी काय कामाची? त्याला ही बिनक्लचची गाडी म्हणजे पुन्हा एकट्याने घराबाहेर पडणे होते.

हे पुराण मी भाच्याला ऐकवीत होतो. अक्का, म्हणजे त्याची आई, पायरीवर बसून ऐकत होती. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय अधू झाला. आजवर आमच्या साऱ्यांच्या गाड्यांत ती मागच्याच सीटवर बसत आली.

‘अरे, म्हणजे डाव्या पायाला काही कामच नाही?’

‘काही नाही.’

अक्का थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘ते लायसन्सचं ऑफिस दिवाळीत किती दिवस बंद असतं रे?’