जाळं कुठलं टाकलं?

परवा नात मनोरीला आली होती. औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. मी आयुष्यभर मराठी शिकवलेला बी.ए., मला 'क्रोमॅटोग्राफी' काय कळणार! तिने समजावलं ते लिहून ठेवतो.

मिश्रण एका नळीतून सोडायचं. प्रत्येक घटक आपापल्या वेगाने बाहेर पडतो, मग तो मोजायचा. शंभरेक वर्षांपूर्वी त्स्वेत नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीतून पानांमधले रंग असेच वेगळे केले होते. खडू म्हटल्यावर मी सावरून बसलो!

विचारलं, "सिरपमध्ये पॅरासिटामॉल बरोबर भरलं, म्हणजे सिरप चांगलं ना?"

"नाही आजोबा."

पॅरासिटामॉल मोजायला एचपीएलसी वापरतात. त्याचा डोळा बहुधा अतिनील प्रकाशाचा. डायइथिलीन ग्लायकॉल हे विष त्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी जीसी लागतं, नमुन्याची वाफ करून तपासणारं. म्हणजे औषध शंभर टक्के भरेल आणि तरीही बाटलीत विष असेल.

आमच्या कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. पापलेटाच्या जाळ्यात जवळा सापडत नाही. म्हणून समुद्रात जवळा नाही, असं कोणी म्हणतं का?

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये हेच विष होतं. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. तेव्हा वाटलं, आता पुन्हा नाही. आणि २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. मर्यादा ०.१ टक्क्याची, तमिळनाडूच्या तपासणीत निघालं ४८.६ टक्के!

खर्चाची सबब मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी टीएलसीच्या स्वस्त पट्टीवर चाळणी, शंका आली तर जीसी. शिवाय कच्च्या मालाचं प्रत्येक पिंप उघडून तपासावं. पुरवठादाराच्या कागदावर विसंबू नये. मुलाने स्वतःच तपासून आणलेली उत्तरपत्रिका आम्ही कधी स्वीकारली होती का?

असो. यापुढे कुणी म्हणालं, "औषध तपासलंय," तर मी एवढंच विचारणार, "कशासाठी तपासलंय?" तुम्हीही विचारा.