नवी कोरी गाडी, पण किकला दाद देईना!



मातीच्या ट्रॅकवर उड्या मारणारी डर्ट बाईक आपल्यापैकी किती घरांत असेल? फारच थोड्या. शर्यतीच्या मोठ्या गाडीची किंमत लाखांत मोजतात, आणि निव्वळ ट्रॅकसाठी बनवलेल्या गाडीला रस्त्यावर चालवायला पासिंगही मिळत नाही. मग या पानावर तिची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. गाडी ज्याची असेल त्याची असो, ती बिघडली की ज्या गॅरेजात येते तिथला काळ्या हातांचा हेल्पर आपलाच मुलगा किंवा भाऊ असतो. पुणे, नाशिककडे मातीवरच्या शर्यती अनेक वर्षे होत आल्या आहेत. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसच्या नव्या लीगची पहिली फेरीही झाली. जिथे शर्यत, तिथे दुरुस्ती. ते काम आपल्या मुलांना नीट यावे, म्हणून हा लेख.

तक्रार बहुधा अशी येते. गाडी नवी आहे. फोर-स्ट्रोक आहे. मालक किक मारून मारून घामाघूम झालेला असतो. कधी सकाळी थंड असताना सुरू होत नाही, तर कधी ट्रॅकवर पडली, गरम इंजिन बंद झाले, आणि मग तासभर हलत नाही. मालक म्हणतो, “नवीन गाडी आहे, तुम्हीच काहीतरी बिघडवले.” मुलाकडे उत्तर नसेल तर त्याचा पगार कापला जातो. म्हणून उत्तर असायला हवे, आणि ते अंदाजाने नव्हे तर तपासून मिळालेले हवे.

आपले जुने मिस्त्री आरएक्स 100 आणि येझदीवर शिकले. त्या टू-स्ट्रोक गाड्या. चोक ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, किक मारायची; गाडी बोलायची. डर्ट बाईकही पूर्वी बहुतेक टू-स्ट्रोकच असत. 1998 च्या मॉडेलसाली यामाहाने वायझेड 400 एफ ही शर्यतीची फोर-स्ट्रोक आणली आणि चित्र पालटले. ताकद आली, पण किक जड झाली. जुनी सवय या इंजिनाला चालत नाही. कारण कार्बोरेटरच्या बऱ्याच शर्यती गाड्यांना अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो. मूठ एकदा पिळली की पेट्रोलची धार थेट इंजिनच्या वाटेला जाते. सवयीने चार-सहा वेळा मूठ पिळली, की प्लग ओला झालाच. मग माणूस आणखी जोरात किक मारतो आणि मूठही आणखी पिळतो!

तेव्हा पहिली गोष्ट किकची रीत. इंजिन थंड असेल तर चोक ओढा. किक हळू दाबत कडक जागा शोधा, म्हणजे पिस्टन टॉपवर आला. हाताने ओढायचा डीकॉम्प्रेशन लिव्हर असेल तर तो ओढून किक किंचित पुढे न्या आणि लिव्हर सोडा. मग किक वर येऊ द्या आणि मुठीला हात न लावता एकाच दमात खालपर्यंत मारा. इंजिन गरम असेल तर चोक नको. काही गाड्यांना हॉट-स्टार्टचा लिव्हर असतो. तो ओढला की जादा हवा आत येते आणि दाटलेले पेट्रोल पातळ होते. प्लग ओला झालाच असेल तर चोक बंद करा, मूठ पूर्ण उघडी धरून तशीच ठेवा, आणि आठ-दहा किका मारून पेट्रोल बाहेर काढा. एक ताकीद मात्र द्यायलाच हवी. चप्पल घालून ही किक मारू नका. किक उलटली तर घोटा मोडतो, आणि मोडल्या घोट्याला कोणी हजेरी देत नाही.

रीत बरोबर असूनही गाडी सुरू होत नसेल, तर तपासणी फुकटापासून सुरू करा. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? बंद करण्याचे बटण दाबलेले राहिले का? टाकीच्या झाकणाची हवेची नळी चिखलाने बुजली का? हसू नका. अर्धा दिवस इंजिन खोलून शेवटी कॉक बंद सापडतो, असे प्रकार घडतात.

पुढे पेट्रोल. गाडी नवी असली तरी तिच्यातले पेट्रोल नवे असेलच असे नाही. गाडी महिनोनमहिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राप राहतो. पायलट जेटचे भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरइतके, बहुधा त्याहूनही बारीक. ते बुजले की सुरुवातीचे पेट्रोल येणार कुठून? त्यात आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. वाटी रिकामी करा, जेट काढून क्लीनरने आणि हवेने साफ करा. तार घालून भोक मोठे करू नका.

मग प्लग. कोरडा तपकिरी असेल तर ठीक. ओला असेल तर पेट्रोल जास्त. काळी काजळी असेल तर मिश्रण दाट, किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला. पांढरा पडला असेल तर हवा जास्त. करंट पाहताना प्लग इंजिनला टेकवाच, पण सिलिंडरच्या भोकापासून लांब. त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, ती पेट घेते. बटणस्टार्ट गाडी असेल तर आधी बॅटरी मोजा. होंडाच्या सीआरएफ 450 आर सारख्या गाडीलाही 2018 च्या मॉडेलपासून बटणस्टार्ट आला आहे. अशा गाडीची बॅटरी उतरली असताना कार्बोरेटर किंवा इंजेक्शन खोलून बसण्यात काय अर्थ?

आता खरी गोम. एवढे सगळे ठीक आहे, धक्का मारला की गाडी सुरू होते, पण किकने होत नाही. अशा वेळी पहिला संशय टॅपेटवर घ्या. टॅपेट सैल झाला की टकटक आवाज येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण टॅपेट घट्ट झाला की आवाज येत नाही. उलट इंजिन जास्तच शांत वाटते, आणि मालक खूश असतो! आत मात्र वाल्व नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळते, आणि किकच्या संथ फिरण्यात इंजिन पेटत नाही.

नव्या गाडीत हे का व्हावे? सुरुवातीच्या तासांत वाल्व आणि त्याची बैठक एकमेकांत बसत जातात, तसे अंतर कमी होते. शर्यतीच्या बऱ्याच इंजिनांत वाल्व टायटॅनियमचे असतात. वजनाला हलके, पण वरचा कडक थर झिजला की भराभर जातात. आणि तो झिजवते कोण? फिल्टरमधून आत शिरलेली धूळ. म्हणून स्पंजचा फिल्टर मातीत फेरी झाली की दर वेळी धुवावा, वाळवावा आणि त्याला फिल्टरचे तेल लावावे. डर्ट बाईकची सर्व्हिस बहुधा किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजतात, हेही लक्षात ठेवा.

अंतर मोजायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर असताना. मोजायला फिलर गेज लागतो. बऱ्याच शर्यती इंजिनांत इनटेकचे अंतर सुमारे 0.10 ते 0.15 मिलिमीटर असते. एक्झॉस्टचे त्याहून जास्त. पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातलाच धरा. लहान इंजिनांत स्क्रू फिरवून अंतर ठेवता येते. मोठ्यांत शिम बदलावी लागते. आणि शिम बदलल्यावर थोड्याच तासांत अंतर पुन्हा मिटले, तर वाल्व संपला असे मालकाला स्पष्ट सांगा. पुन्हा पुन्हा पातळ शिम घालून दिवस ढकलले, तर वाल्वचे डोके तुटून पिस्टनवर पडू शकते. मग हजारांचे काम लाखाच्या घरात जाते. कॉम्प्रेशन गेजवरही डोळे मिटून विसंबू नका. या इंजिनांत किक हलकी करण्यासाठी आपोआप चालणारा डीकॉम्प्रेशन असतो, त्यामुळे चांगल्या इंजिनाचा आकडाही कमी दिसतो. हवा भरून गळती मोजण्याची चाचणी जास्त खरी.

गाडीला लिंबू-मिरची बांधून टॅपेट सैल होत नाही, आणि नवे महागडे पार्ट बदलत सुटल्यानेही होत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मालकाला आधी पावती आणि पुस्तक आणायला सांगा. न विचारता इंजिन खोलले तर वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात पडेल.

आमची एकच सूचना. खिशात एक वही ठेवा. गाडी किती तास चालली, प्लगचा रंग कसा होता, टॅपेटचे अंतर किती निघाले आणि किती ठेवले, हे तारखेसह लिहा आणि मालकाची सही घ्या. पुढच्या वेळी तोच आकडा बोलेल, तुम्हाला आवाज चढवावा लागणार नाही. पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. घरात शिकणारी बहीण असेल तर रात्री जेवण झाल्यावर तिला सोबत घेऊन एक-एक पान लावा. तिचे इंग्रजी पक्के होईल आणि तुमचे इंजिन. आईवडिलांनीही त्या अर्ध्या तासात टीव्हीचा आवाज थोडा कमी ठेवावा. हेल्पर आणि मिस्त्री यांच्या पगारात जो फरक असतो, तो बहुतेक या वहीत आणि त्या पुस्तकातच असतो.