लेकरांना हसवणारी कविता घरात येऊ द्या

रात्री जेवणं झाली की मोबाइल बाजूला ठेवा. लेकराला जवळ घ्या आणि एक गमतीची कविता मोठ्यानं वाचून दाखवा. एकच पुरे.

‘आम्हाला कवितेतलं काही कळत नाही,’ असं म्हणू नका. गमतीच्या कवितेत कळण्यापेक्षा म्हणायचंच जास्त असतं. ठेका कानात बसतो, लेकरू खुदकन हसतं. दोन-चार दिवसांत त्याच ओळी घरभर म्हणत फिरतं. अवघड जोडाक्षरं अशीच जिभेवर बसतात. जे लेकरू वर्गात मोठ्यानं वाचायला घाबरतं, त्याला तर याची फार गरज आहे.

सुरुवात विंदा करंदीकरांपासून करा. मोठ्यांसाठी एवढं गंभीर लिहिणारा, ज्ञानपीठ मिळालेला हा कवी, पण मुलांसाठी त्यांनी मनापासून धमाल लिहिली. त्यांचं ‘राणीची बाग’ 1961 साली आलं. ती प्राण्यांची बाग मुंबईची, पण आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात सिद्धार्थ उद्यान आहेच. आधी प्राण्यांच्या कविता वाचा, मग रविवारी वाघ बघायला न्या. पिंजऱ्यासमोर लेकरू वाघाशी गप्पा मारायला लागलं, तर त्याला गप्प बसवू नका.

त्यांचंच ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ही आणा. जेवत नाही, झोपत नाही म्हणून आपण लेकरांना बागुलबुवाची भीती घालतो. ती भीती मनात घर करते. मग लाइट गेली की लेकरू एकटं आतल्या खोलीत जात नाही. भुताला हसायला शिकलेलं लेकरू अंधाराला कमी भितं. भीती घालणं तेवढं आजपासून बंद करा.

हसवणारी कविता म्हणजे वाया गेलेला वेळ, असं घरातल्या कुणी म्हटलं तर त्यांना पैठणची आठवण करून द्या. तिथल्या संत एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. त्यांत विंचू आहे, भूत आहे, फुगडी आहे. लोक हसत हसत ऐकायला बसत आणि मोठा विचार घेऊन उठत. नाथषष्ठीला पैठणला गेलात तर लेकरांना भारुड जरूर दाखवा. बंगालमध्येही 1923 साली सुकुमार राय यांचं ‘आबोल ताबोल’ निघालं. सगळ्या उलटसुलट, अतरंगी कविता. शंभर वर्षं झाली, बंगाली घरांतली मुलं अजून त्या म्हणतात.

पुस्तकांना फार पैसे लागत नाहीत. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मारा. जवळच्या वाचनालयात विचारा. आपल्या शहरात 2021 पासून मोहल्ल्यांमध्ये मुलांची छोटी वाचनालयं उभी राहिली आहेत. तुमच्या भागात असेल तर लेकराचा हात धरून घेऊन जा. ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीनं फुकट वाचायला खुले केले आहेत. त्यांतही कविता सापडतील.

आता काही गोष्टी सांभाळा.

कविता संपली की ‘यातून काय शिकलास?’ असं विचारू नका. त्या प्रश्नानं हसू जागच्या जागी विरतं. पाहुणे आले की ‘म्हणून दाखव’ म्हणून उभं करू नका. त्याला वाटलं तर ते आपणहून म्हणेल.

आणि हे नीट बघा: कविता कुणाला हसते आहे? काळा रंग, जाड अंग, तोतरं बोलणं, कुणाची गरिबी यांवर यमक जुळवलेलं असेल, तर ते पान उलटा. तुमच्या घरात म्हटलेली ओळ उद्या शाळेत कुणाला तरी टोचते. ज्याला टोचते, ते लेकरू शाळेत जायचं नाही म्हणतं आणि कारण सांगत नाही. आडनाव, जात, धर्म यांवरची चेष्टा तर घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवा. हसायला उंट आहे, माकड आहे, आपल्या घरातला बिघडलेला पंखा आहे.

मग स्वतः रचा. नळाला पाणी यायची वाट बघत बसलात की एक ओळ तुम्ही टाका, पुढची लेकराला टाकू द्या.

उंट निघाला पैठणगेटला,
रिक्षावाला वाटेत भेटला.
मान राहिली बाहेर लांब,
रिक्षावाला ओरडला, ‘थांब!’

पुढं काय झालं, ते लेकराला विचारा. यमक जुळलं नाही तरी चालेल. शेजारच्या दोस्ताकडून शिकलेला दखनी शब्द मध्येच आला, तर तोही राहू द्या. आजीला सोबत बसवा, तिच्याकडे जुनी बडबडगीतं असतात, ती आत्ताच उतरवून घ्या.

त्यासाठी एक साधी वही करा. लेकरू जे म्हणेल ते लिहा, खाली त्याचं नाव आणि तारीख घाला. ‘जायलो’ म्हणालं तर ‘जायलो’च लिहा. शुद्धलेखन शाळेत होईल.