पोटातली मळमळ आणि साखरेचा आकडा

मुलांनो,

जेवण झालं, हात धुतले आणि थोड्या वेळात पोटात ढवळायला लागलं, असं तुमच्यापैकी किती जणांना होतं? वर्गात हा प्रश्न विचारला की भराभर हात वर होतात. कारणंही तुम्हीच सांगता. कोणी डबा पाच मिनिटांत संपवून थेट खो-खो खेळायला पळतं. कोणी लग्नाच्या पंगतीत पैज लावून जिलब्या खातं. कोणी भरल्या पोटी घाटातल्या एस.टी.त बसतं. कोणाला पित्ताचा त्रास असतो, तर कोणी उघड्यावरचं काहीतरी खाल्लेलं असतं. बहुतेक वेळा मळमळीचं कारण असं साधंच असतं आणि थोडी विश्रांती घेतली की बरं वाटतं.

मग आज साखरेचा विषय कशाला? तर हल्ली खूप घरांत साखर तपासायचं छोटं यंत्र असतं. त्याला ग्लुकोमीटर म्हणतात. आजी-आजोबांसाठी आणलेलं असतं, पण मळमळलं की कोणीतरी म्हणतं, "चल, तुझी पण बघू!" बोटाला सुई टोचली जाते, पट्टीवर रक्ताचा थेंब लागतो आणि पडद्यावर आकडा येतो, समजा १३२. लगेच घरात चर्चा सुरू. "अगं बाई, सकाळी आजोबांची ११० होती, आणि या एवढ्याशा पोराची १३२?"

घाबरायचं की नाही? हे ठरवायचं तर तो आकडा वाचता यायला हवा. आज तेच शिकू या. सुरुवात गणितापासून.

साखर १०० आली म्हणजे काय? १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे. मग एक लिटर रक्तात किती? १००० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज ५ ग्रॅम. किती झालं ते? चहाचा एक छोटा चमचा! एवढीच साखर आपल्या रक्तात एका वेळी फिरत असते, आणि तुमच्यासारख्या मुलांच्या रक्तात तर त्याहूनही कमी.

आता गंमत बघा. एका मध्यम पोळीत साधारण १५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. पोटात त्यांचं ग्लुकोज होतं. म्हणजे एकच पोळी खाल्ली तरी त्या एका चमच्याच्या तिप्पट ग्लुकोज रक्तात येणार. तुम्ही दोन-तीन पोळ्या आणि वर भात खाता. मग रक्तातली साखर दहापट का होत नाही? कारण पोटाच्या मागच्या बाजूला असलेलं स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा रस रक्तात सोडतं. शाळा सुटल्यावर शिपाईकाका फाटक उघडतात आणि गर्दी पांगते ना, तसं इन्शुलिन आलं की स्नायूंची दारं उघडतात आणि साखर आत जाते. उरलेली यकृतात साठते. पण गर्दी पांगायला वेळ लागतोच. म्हणून जेवल्यावर साखर वाढते आणि दोनेक तासांत खाली येते. हे वाढणं म्हणजे आजार नव्हे.

यावरून काय कळलं? आकड्याच्या शेजारी वेळ लिहिलेली नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. मधुमेह नसलेल्या माणसाची रात्रभर, म्हणजे निदान आठ तास, काही न खाता सकाळी तपासलेली साखर साधारण ७० ते ९९ असते. जेवणानंतर दोन तासांनी ती १४० च्या आत यायला हवी. उपाशीपोटी १०० ते १२५ आली तर ती सीमारेषेवरची. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर प्रयोगशाळेत रक्त तपासून खात्री करतात. घरच्या यंत्रावरून कोणीही "तुला मधुमेह झाला" असं ठरवायचं नसतं. आणि ज्यांना मधुमेह आहे, त्यांची साखर किती असावी हे त्यांचे डॉक्टर ठरवतात. त्यांची तुलना आपल्याशी करायची नाही.

आता एक वही घ्या आणि चार रकाने आखा. वेळ, काय खाल्लं, आकडा आणि कसं वाटतंय. उदाहरणादाखल तीन नोंदी मी लिहिते. कारण तुम्ही शोधा.

पहिली नोंद. शाळकरी मुलगा. जेवून एक तास झाला. आमरस आणि सात पुऱ्या. साखर १३२. मळमळतंय.

सोपं आहे ना? जेवून एका तासाने १३२ ही साखर अगदी ठीक. मळमळ साखरेची नाही, सात पुऱ्यांची आहे!

दुसरी नोंद. आजोबा. मधुमेहाची गोळी सुरू. जेवून दोन तास झाले. नेहमीचं जेवण. साखर १४५. हल्ली रोजच मळमळतं.

साखर तर मधुमेहाच्या माणसाच्या मानाने छान आहे. मग मळमळ कशाने? इथे गोळीकडे बघायला हवं. मधुमेहासाठी पुष्कळ जण मेटफॉर्मिन नावाची गोळी घेतात. तिने काहींना मळमळतं, म्हणून ती जेवणासोबत घ्यायला सांगतात. आजोबा ती रिकाम्या पोटी तर घेत नाहीत ना? आणखी एक शक्यता असते. मधुमेह खूप वर्षांचा असेल तर कधी कधी पोटाच्या नसा मंदावतात. अन्न पोटातच रेंगाळतं, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, मळमळतं, आणि साखर दोन तासांनी कमी दिसून नंतर उशिरा चढते. आजोबांनी मनाने गोळी बंद करायची नाही. चार-पाच दिवसांची ही वही डॉक्टरांना दाखवायची. नुसतं "मळमळतं हो" म्हणण्यापेक्षा त्या वहीतून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळेल.

तिसरी नोंद. दहा वर्षांची मुलगी. दुपारी जेवलीच नाही. दोन उलट्या, पोटात दुखतंय. सारखं पाणी मागते. साखर ३४०.

ही नोंद लिहिली की वही मिटायची आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. संध्याकाळपर्यंत किंवा सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्र असली तरी निघायचं.

असं का, ते समजून घ्या. काही मुलांचं स्वादुपिंड इन्शुलिन बनवणंच थांबवतं. याला टाइप १ मधुमेह म्हणतात. गोड खाल्ल्यामुळे तो होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. शरीराची रक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मग फाटक बंद! साखर रक्तात साचते, पण स्नायू उपाशीच राहतात. साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात, आणि साखरेबरोबर पाणीही जातं. म्हणून सारखी लघवी, सारखी तहान. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही लघवीला मुंग्या लागण्याचं लक्षण नोंदलेलं आहे. मधुमेह हे नावच त्यावरून पडलं. इकडे उपाशी शरीर चरबी जाळू लागतं. त्यातून किटोन नावाची आम्लं तयार होतात. ती रक्तात वाढली की मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू होते. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, श्वास जोरजोरात चालतो. उपचार झाले नाहीत तर मूल बेशुद्ध होतं आणि जिवावर बेततं.

पालकहो, हा भाग तुमच्यासाठी. अशा वेळी घरात ग्लुकोमीटर असेलच असं नाही. उलटी झाली की आपण म्हणतो, पित्त झालं असेल, बाहेरचं खाल्लं असेल. अशा वेळी एक प्रश्न जरूर विचारा, "लघवी कितीदा झाली?" साध्या उलट्या-जुलाबात अंगातलं पाणी कमी होतं आणि लघवीही कमी होते. पण मूल उलट्या करतंय, सुकत चाललंय आणि तरीही पुन्हा पुन्हा लघवीला जातंय, तर साखर तपासायलाच हवी. गेल्या काही आठवड्यांत वजन उतरलं का? मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं का? हेही आठवून डॉक्टरांना सांगा. आम्हा शिक्षकांनाही हे लागू आहे. एखादं मूल तासाला दोनदा लघवीची परवानगी मागतं, पाण्याची बाटली सारखी भरून आणतं. त्याला रागावण्याआधी त्याच्या घरी निरोप धाडायला हवा.

ज्यांना हा आजार आहे, त्या मुलांच्या घरी आणखी एक गोष्ट पक्की माहीत हवी. उलट्या होताहेत, मूल काही खात नाही, "मग आज इन्शुलिन कशाला?" असं वाटू शकतं. पण हे फार धोक्याचं आहे. आजारपणात शरीराला इन्शुलिन लागतंच. किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं, पण आपल्या मनाने बंद करायचं नाही.

शंभर वर्षांपूर्वी हा आजार झालेली मुलं फार दिवस जगत नसत. १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. पहिल्या खेपेला नीट गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप यांनी ते अधिक शुद्ध केलं आणि काही दिवसांत पुन्हा दिलं. त्याची साखर उतरली! तो आणखी तेरा वर्षं जगला. या शास्त्रज्ञांनी आपला हक्क फक्त एकेका डॉलरला टोरोंटो विद्यापीठाला देऊन टाकला. आज इन्शुलिन घेणारी मुलं तुमच्यासारखीच शाळेत येतात, खेळतात, परीक्षा देतात.

तुमच्या वर्गात असा मित्र किंवा मैत्रीण असेल तर एवढं लक्षात ठेवा. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर कधी कधी एकदम कमी होते. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, भूक लागते, चिडचिड होते, काहींना मळमळतंही. बघा, साखर जास्त झाली तरी मळमळ आणि कमी झाली तरी मळमळ! अशा वेळी त्याला एकटं सोडायचं नाही. शिक्षकांना बोलवायचं आणि तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, घशात अडकतं. कुशीवर झोपवायचं आणि १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. आणि हो, तो तासाला मधेच बिस्कीट खात असेल तर "बाई, हा बघा खातोय!" अशी तक्रार करायची नाही. ते त्याचं औषध आहे.

शेवटी यंत्राबद्दल. बोटाला गूळ, आंबा, चिकू लागलेला असेल तर यंत्र त्याचीच साखर मोजतं! म्हणून आधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. पट्टीच्या डबीवरची तारीख उलटून गेलेली नसावी. एकाची सुई दुसऱ्याने कधीही वापरायची नाही. आणि घरच्या यंत्रात थोडाफार फरक पडतोच. १३० आणि १४० मध्ये भांडण लावू नका. गंमत म्हणून तर बोट टोचायचंच नाही.

या आठवड्याचा अभ्यास असा. घरात कोणी साखर तपासत असेल तर त्यांना चार रकान्यांची वही आखून द्या. सुवाच्य अक्षरात आठवडाभर तुम्हीच नोंदी करा. डॉक्टरांकडे जाताना ती पिशवीत आठवणीने ठेवा. आजी-आजोबा खूश होतील आणि तुमचं गणितही पक्कं होईल.

पुढच्या आठवड्यात भेटू या.

तुमच्या बाई